‘सरका जरा’ म्हणत अनंताकडे: ठाण्यातल्या तीन रविवारांच्या गणितवर्गाचं परीक्षण

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा येऊन ‘सरका जरा’ म्हणतो तेव्हा कडेचा माणूस अर्धा हवेत बसतो, कारण बाकाला कड असते. कडच नसलेलं बाक असेल तर? या प्रश्नावर ठाण्यात, नौपाड्यात, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तीन रविवारांचा एक छोटा वर्ग चालतो. विषय एकच, गणितातलं अनंत. वेळ सकाळी दहा ते साडेबारा, वीस मुलांची मर्यादा, तिन्ही रविवारांचे मिळून पंधराशे रुपये, साहित्य त्यातच. शाळेचा अभ्यासक्रम ‘पुढे नेणारा’ हा क्लास नाही, मार्क वाढवण्याचं आश्वासनही नाही. पहिले दोन रविवार उत्तम आहेत. तिसऱ्याचा पूर्वार्ध चांगला आहे, उत्तरार्ध मात्र बदलायला हवा. का, ते पुढे सविस्तर लिहितो.

सुरुवात योग्य ठिकाणी होते: ‘खूप मोठं’ म्हणजे अनंत नव्हे. येऊरच्या जंगलातली पानं, खाडीतल्या पाण्याचे थेंब, डोक्यावरचे केस ही उदाहरणं मुलं स्वतःच देतात आणि ती सगळी फळ्यावर लिहून एकेक खोडली जातात. आर्किमिडीजनं सगळं विश्व वाळूनं भरलं तरी कणांची संख्या १ वर ६३ शून्यं याच्या पुढे जाणार नाही असा हिशोब मांडला होता, तो इथे चपखल वापरला आहे. संख्या अवाढव्य, पण सांत, म्हणजे कुठेतरी संपणारी. त्यानंतर दहा मिनिटं कप आणि बश्या. मोजायचं नाही, प्रत्येक बशीत एक कप ठेवायचा; काही उरलं नाही तर दोन्ही सारखे. एकास-एक संगतीची एवढी तयारी पुरते आणि वर्ग तिथे रेंगाळत नाही.

मग येतं बाक. मूळ कल्पना जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टची. १९२४-२५ च्या व्याख्यानांत त्यानं अनंत खोल्यांच्या, पूर्ण भरलेल्या हॉटेलचं उदाहरण दिलं होतं. इथे हॉटेलच्या जागी लोकलचं न संपणारं बाक आहे. सीट क्रमांक १, २, ३ आणि पुढे कधीच न थांबणारे. सगळ्या भरलेल्या. ठाण्याला एक जण चढतो आणि म्हणतो, ‘सरका जरा’. पहिला दुसऱ्या सीटवर, दुसरा तिसऱ्या, कुणीही n क्रमांकाच्या सीटवर असेल तर त्यानं n+१ वर जायचं. पहिली सीट मोकळी झाली आणि हवेत कुणीच बसलं नाही. ठाण्याच्या मुलाला हॉटेलपेक्षा हे बाक जवळचं आहे यात शंका नाही, पण खरी कमाई तेवढीच नाही. खऱ्या बाकावर काय बिघडतं ते मुलांना अंगानं माहीत असतं, त्यामुळे कल्पनेतल्या बाकावर ते का बिघडत नाही हे नेमकं दिसतं.

साहित्य साधं आहे: बिलाच्या मशीनचा ५७ मिलिमीटर रुंदीचा कागदी रोल, त्यावर दर ३० सेंटिमीटरवर एक आकडा. रोलचं टोक कापलेलं नाही, ते गुंडाळलेलंच भिंतीशी ठेवलेलं असतं. ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. टोक कापलेली पट्टी समोर ठेवली की मुलं शेवटच्या चौकोनाकडेच बघत राहतात आणि पुढचा अर्धा तास ‘मग शेवटचा कुठे जाणार?’ यात जातो. गुंडाळी दिसली की तो प्रश्न निम्म्यानं कमी होतो.

एका पट्टीवर मुलांना उभं करून सरकवलं की गोंधळ हमखास होतो. n वरून n+१ ला ते कसंबसं निभतं. पण पुढच्या स्टेशनवर न संपणारी गर्दी उभी आहे म्हणून प्रत्येकानं दुप्पट क्रमांकाच्या सीटवर जायचं ठरलं, की एकवाला दोनवर येतो तेव्हा दोनवाला अजून तिथेच असतो, आणि वीसवाल्याला चाळीसपर्यंत धावत जावं लागतं. म्हणजे १२ मीटर पट्टी. ती खोलीत सरळ मावतच नाही. यावर वर्गानं काढलेला तोडगा आम्हाला सगळ्यात आवडला. दोन पट्ट्या समांतर ठेवायच्या, वरची ‘आधी’, खालची ‘नंतर’, आणि मुलांना हलवण्याऐवजी सुतळीनं जोड्या लावायच्या: वरचा १ खालच्या २ शी, वरचा २ खालच्या ४ शी. खाली १, ३, ५, ७ मोकळे दिसतात, तिथे नवी गर्दी बसते. यातून सोय होतेच, पण गणितही शुद्ध होतं. ‘आधी कोण हलणार? सगळ्यांना सरकायला किती वेळ लागेल?’ हे प्रश्न मुलं नेहमी विचारतात आणि ते चुकीचे नसतात. सरकणं ही वेळात घडणारी क्रिया मानली तर ते रास्तच आहेत. सुतळीच्या जोड्यांमध्ये वेळ नाही, नियम आहे. प्रत्येकाला स्वतःचा आकडा माहीत आहे, म्हणून प्रत्येकाला स्वतःची नवी जागा माहीत आहे. संपलं.

गॅलिलिओनं १६३८ मध्ये हेच वर्गसंख्यांबाबत दाखवलं होतं: १ ला १, २ ला ४, ३ ला ९ अशी प्रत्येक नैसर्गिक संख्येला तिच्या वर्गाशी जोडी लागते, मग वर्गसंख्या कमी कशा म्हणायच्या? त्यानं निष्कर्ष काढला की ‘कमी, जास्त, समान’ हे शब्द अनंताला लावता येत नाहीत. जर्मन गणिती गेओर्ग कँटरनं पुढे उलट वाट धरली आणि जोडी लागणं हीच ‘समान’ची व्याख्या मानली. ही दोन मतं शिक्षक शेजारी शेजारी ठेवतात आणि व्याख्या निवडणं हासुद्धा गणिताचा भाग आहे हे स्पष्ट बोलतात. शाळेत हे सहसा कुणी सांगत नाही.

त्याच बाकावर वजाबाकीही होते. सगळ्या सम क्रमांकाच्या सीटवरचे उतरले, विषम सगळे उरले. ११ पासून पुढचे सगळे उतरले, दहा उरले. सगळेच उतरले, शून्य उरले. तिन्ही वेळा उतरणारे अनंत, आणि उत्तरं तीन. ‘अनंत वजा अनंत म्हणजे शून्य’ हे मुलांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. ते इथे पाच मिनिटांत सुटतं. एकाच उदाहरणात राहून इतकं काम करून घेतलं आहे याचं श्रेय द्यायलाच हवं. नवीन मुद्द्याला नवीन गोष्ट काढली की मुलांना गोष्टी आठवतात आणि मुद्दा निसटतो.

पहिल्या रविवारचा शेवट अवघड आहे: अनंत गाड्या आल्या, प्रत्येकीत अनंत प्रवासी, सगळ्यांना एका बाकावर बसवा. पहिला प्रयत्न नेहमी एकच असतो, आधी गाडी १ पूर्ण बसवू, मग गाडी २. गाडी १ कधी संपतच नाही, त्यामुळे गाडी २ ची पाळी येत नाही. आलेखाच्या कागदावर गाड्या आडव्या रांगांत आणि प्रवासी उभ्या रकान्यांत लिहून तिरके पट्टे पाडले की मार्ग सापडतो: ज्यांच्या गाडी क्रमांकाची आणि प्रवासी क्रमांकाची बेरीज २ ते आधी, मग ३, मग ४. प्रत्येक पट्ट्यात मोजकेच लोक, म्हणून प्रत्येकाची पाळी येते. गाडी ३ मधला पाचवा प्रवासी घ्या. बेरीज ८. आधीच्या पट्ट्यांत १+२+३+४+५+६ = २१ जण बसले, या पट्ट्यात त्याचा नंबर तिसरा, म्हणून सीट २४. हा हिशोब प्रत्येक मुलाकडून वेगळ्या प्रवाशासाठी करून घेतात.

दुसरी पद्धत मूळ संख्यांची. गाडी १ ला २ चे घात (२, ४, ८…), गाडी २ ला ३ चे, गाडी ३ ला ५ चे. आपला तोच प्रवासी आता ५ च्या पाचव्या घातावर, म्हणजे सीट ३१२५ वर जातो. या पद्धतीत १, ६, १०, १२, १४, १५ अशा सीट रिकाम्या राहतात आणि त्याही अनंत. सगळे बसले तरी अनंत जागा शिल्लक! आमच्या मते ही पद्धत आधी आणि तिरके पट्टे नंतर घ्यावेत. आधी ‘जमतं’ हे कळू दे, मग ‘एकही जागा वाया न घालवता जमतं’ हे. सध्याच्या क्रमात दुसरी पद्धत उतरणीवर वाटते.

दुसरा रविवार पूर्णपणे कँटरच्या कर्णयुक्तीला दिला आहे आणि तो या वर्गाचा कळस आहे. इतकं सगळं बाकावर बसल्यावर मुलांना वाटू लागतं की काहीही बसतं. तिथेच त्यांना न बसणारी गोष्ट दाखवली जाते, आणि तीही कॅरमच्या सोंगट्यांनी.

टेबलावर सहा रांगा, प्रत्येकीत सहा सोंगट्या, काळ्या-पांढऱ्या मुलांच्या मर्जीनं. आता सातवी रांग अशी लावा की ती वरच्या सहांपैकी एकीशीही जुळणार नाही, आणि ती लावायची रीत अशी हवी की वरच्या रांगा कशाही असोत, ती चालावी. मुलं आधी अंदाजानं लावतात. सहाच रांगा असल्यानं जमूनही जातं, पण रीत सांगता येत नाही. मग शिक्षक लाल राणी पहिल्या रांगेच्या पहिल्या सोंगटीवर ठेवतात: ही काळी आहे, तर तुमची पहिली पांढरी. राणी दुसऱ्या रांगेच्या दुसऱ्या सोंगटीवर, मग तिसरीच्या तिसऱ्यावर. राणी कर्णावरून, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या तिरप्या रेषेवरून, उतरत जाते आणि दर पायरीला खाली उलट रंगाची सोंगटी लागते. नवी रांग पहिलीपेक्षा पहिल्या जागी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या जागी, सहावीपेक्षा सहाव्या. रांगा न संपणाऱ्या लांबीच्या आणि न संपणाऱ्या संख्येनं असल्या तरी हीच रीत चालते. म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या सगळ्या अनंत रांगांची यादी बाकावर बसवलीत असं कुणीही म्हणो, एक तरी रांग उभीच राहते.

एक व्यावहारिक सूचना. एका कॅरम संचात ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि एक राणी. दोन संचांत १८ आणि १८, एकूण ३६, म्हणजे ६ × ६ ला बरोबर पुरतील असं कागदावर दिसतं. पण रांगा मनाप्रमाणे लावायच्या म्हटल्यावर दोन्ही रंग नेमके अठरा-अठरा क्वचितच येतात, आणि खालच्या सातव्या रांगेला आणखी सहा लागतात. एका गटाला चार संच द्यावेत. सध्या दोन दिले जातात, मग मुलं रंग पुरावेत म्हणून रांगा बदलतात आणि ‘मर्जीनं’ हा मुद्दाच मारला जातो.

यावर येणारी पहिली शंका ठरलेली: ‘मग ती सातवी रांग यादीत वर घाला ना, सरका जरा म्हणा!’ पहिला रविवार नीट शिकलेलं मूल हे म्हणणारच. उत्तरही नीट दिलं जातं. घाला. आता यादी नवी झाली, राणी पुन्हा वरून उतरवा, पुन्हा एक रांग बाहेर. बाकावर गर्दी कितीही आली तरी एका नियमात सगळे बसत होते. इथे कुठलाही नियम सांगा, त्या नियमाला चुकवणारी रांग आहे. दुसरी शंका जास्त खोल आहे आणि तिला वर्गात कमी वेळ मिळतो: हीच युक्ती नैसर्गिक संख्यांना लावली तर त्याही बाकावर बसत नाहीत असं नाही का ठरणार? नाही, कारण कर्णावरून मिळणाऱ्या आकड्यांच्या रांगेला अंत नसतो आणि नैसर्गिक संख्येला अंक मोजकेच असतात. मिळालेली वस्तू नैसर्गिक संख्याच नव्हे. परिमेय संख्यांचंही, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या संख्यांचंही, तसंच. त्यांची यादी होते, कर्णावरून जो दशांश मिळतो तो आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारा) नसतो, म्हणून परिमेय नसतो. या शंकेला पंधरा मिनिटं द्यायला हवीत, कारण ती विचारणाऱ्या मुलाला युक्ती खरोखर कळलेली असते.

सोंगट्यांवरून संख्यांकडे जाताना काळीला ४ आणि पांढरीला ३ हे अंक देऊन प्रत्येक रांग ०.४३४… अशी दशांशात वाचली आहे, तेही विचारपूर्वक. ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या दोन रूपांत लिहिता येते. ० आणि ९ वापरले तर ‘अंक वेगळे म्हणून संख्या वेगळी’ हे म्हणणं अडचणीत येतं. ३ आणि ४ नं तो खड्डा टळतो. बरीच सोपी पुस्तकं हा मुद्दा गाळतात.

तिसऱ्या रविवारी अनंत बेरजा. ए-फोर कागद अर्धा फाडायचा, एक अर्धा बाजूला, उरलेला पुन्हा अर्धा. दहा वेळा फाडल्यावर हातात सुमारे साडेसहा बाय सव्वानऊ मिलिमीटरचा तुकडा उरतो आणि बोटं हरतात. बाजूला ठेवलेले सगळे तुकडे मिळून एका कागदापेक्षा जास्त कधीच होणार नाहीत हे डोळ्यांनी दिसतं. लगेच समोर १ + १/२ + १/३ + १/४ … येते. याही पदांचा आकार शून्याकडे जातो, पण बेरीज कुठेच थांबत नाही. चौदाव्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेमनं दिलेली सिद्धता नववीच्या मुलाला झेपते: १/३ + १/४ अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची आठ तशीच. अर्धे कितीही वेळा मिळत राहतात. पण सावकाश, १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात.

हे लाकडी ठोकळ्यांनी करून दाखवतात. २० सेंटिमीटरचे सारखे ठोकळे टेबलाच्या कडेवर एकावर एक, प्रत्येक जरा बाहेर. सगळ्यात वरचा १० सेंमी पुढे, त्याखालचा ५, मग ३.३, मग २.५, म्हणजे १० चा अर्धा, तिसरा, चौथा भाग. चार ठोकळ्यांत एकूण २०.८ सेंमी, म्हणजे वरचा ठोकळा टेबलाच्या पूर्ण बाहेर. प्रत्यक्षात नेमक्या सीमेवर ठेवलं की डोलारा कोसळतो. दर पायरीला ३ मिलिमीटर राखून ठेवले तर चारांत जमत नाही, पाच लागतात. वर्गात चारच दिले होते आणि सगळ्या गटांचे ठोकळे पडले. आणखी एक चूक म्हणजे खालून वर रचणं. हिशोब वरच्या ठोकळ्यापासून सुरू होतो: रचलेल्या भागाचा गुरुत्वमध्य शोधायचा आणि तो खाली येणाऱ्या ठोकळ्याच्या कडेवर आणायचा. खालून सुरू केलं तर पहिल्याला किती बाहेर काढायचं हे कळायला एकूण ठोकळे किती हे आधी माहीत असावं लागतं.

यानंतर घसरण आहे. समोरासमोर दोन आरसे ठेवून ‘ही पाहा अनंत प्रतिबिंबं’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. दर परावर्तनात दहा टक्के प्रकाश गेला असं धरलं तर ४४ परावर्तनांनंतर शंभरातला एक भागही उरत नाही. दिसते ती अंधुक होत संपणारी रांग. पहिल्या दिवशी पानं आणि थेंब खोडणाऱ्या वर्गानं तिसऱ्या दिवशी हे उदाहरण द्यावं याचं वाईट वाटतं. बाक कल्पनेतलं आहे म्हणूनच ते चालतं. खऱ्या वस्तूला अनंत म्हटलं की मुलं मोजायला जातात आणि बरोबरच करतात.

माठातल्या गोट्यांचं कोडंही काढावं किंवा दुरुस्त करावं. बाराला एक मिनिट असताना दहा गोट्या टाका, एक काढा. अर्धा मिनिट असताना पुन्हा तेच. पाव मिनिट असताना पुन्हा. बारा वाजता माठात किती? गोट्यांवर क्रमांक नसतील तर या प्रश्नाला उत्तरच नाही. क्रमांक घातले आणि १, २, ३ अशा क्रमानं काढल्या तर प्रत्येक गोटी कधी ना कधी बाहेर येते, माठ रिकामा. १०, २०, ३० काढल्या तर अनंत उरतात. वर्गात बिनक्रमांकाच्या गोट्या होत्या, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं नुसता वाद झाला. बाकावरून उतरणाऱ्यांच्या उदाहरणात हाच मुद्दा आधी स्वच्छ आलेला आहे.

सोबत मिळणारी आठ पानांची पुस्तिका चांगल्या मराठीत आहे, पण दोन दुरुस्त्या हव्यात. कर्णयुक्तीचं साल १८७४ छापलं आहे. वास्तव संख्या (परिमेय आणि अपरिमेय मिळून सगळ्या) यादीत बसत नाहीत हे कँटरनं १८७४ मध्येच दाखवलं, मात्र वेगळ्या सिद्धतेनं. कर्णाची युक्ती १८९१ ची. आणि भास्कराचार्यांचा ‘खहर’ कँटरच्या अनंताशी एक करून टाकला आहे. शून्यानं भागून येणारी ती राशी, तिच्यात कितीही मिळवलं किंवा वजा केलं तरी फरक पडत नाही, असं बीजगणितात म्हटलं आहे. बाकावर एक जण वाढूनही बाक तेवढंच, याच्याशी ते वर्णन छान जुळतं. पण आजच्या गणितात शून्यानं भागणं अव्याख्यात आहे आणि कँटरचं अनंत भागाकारातून आलेलं नाही, संचांच्या तुलनेतून आलं आहे. दोन्ही सांगावं, पण वेगवेगळं.

पाठवायचं कुणाला? राज्य मंडळाच्या नववीत पहिलंच प्रकरण संचांचं आहे, त्यात सांत आणि अनंत संच येतात, दुसरं वास्तव संख्यांचं. ती झालेल्या मुलांना वर्ग सहज जातो. सीबीएसईत संच अकरावीला येतात, त्यामुळे त्या मुलांनी ‘परिमेय’, ‘अपरिमेय’, ‘संच’ हे शब्द आधी घरी पाहून घ्यावेत; वर्ग मराठीतून आहे आणि सुरुवातीला शब्द समजावण्यात वेळ जात नाही. आठवीच्या मुलाला पहिला आणि तिसरा रविवार पेलतो, कर्णयुक्ती जड जाऊ शकते. फक्त एकच रविवार जमणार असेल तर मात्र दुसरा निवडू नका, पहिल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही.

जागा ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत जाण्याजोगी आहे. गाडी आणलीत तर रविवारी राम मारुती रोडच्या आसपास लावायला जागा मिळणं कठीण. ऐरोली, वाशी, नेरूळकडून येणाऱ्यांनी शनिवारीच ट्रान्स-हार्बरच्या मेगाब्लॉकची वेळ बघून घ्यावी. पट्ट्या मांडणं पहिल्या दहा मिनिटांत होतं आणि उशिरा आलेल्या मुलाला ‘आधी’ कोणती आणि ‘नंतर’ कोणती हे पुन्हा कुणी सांगत नाही.